शेवटच्या स्प्रिंटमध्ये उतरायचं का? आधी हा हिशेब करून बघा

हौशी सायकल रेसमध्ये साठ किलोमीटर शिस्तीत चाललेला बंच, म्हणजे एकत्र चाललेला स्वारांचा घोळका, शेवटच्या एका किलोमीटरमध्ये ओळखू येत नाही. खड्डा दिसला की हात दाखवणारे, "मागून गाडी, मागून गाडी" म्हणून ओरडणारे सगळे एकदम मुके होतात आणि प्रत्येकाला पुढच्याच्या उजवीकडेच जागा हवी असते. या गर्दीत घुसायचं की नाही हे बहुतेक जण तिथेच, छाती फुटायला आलेली असताना ठरवतात. तिथे ते नीट ठरत नाही. या निर्णयाचा मोठा भाग घरी, आदल्या दिवशी आणि रेसच्या सकाळी उरकून टाकता येतो. रस्त्यावर मग फक्त एक होकार किंवा नकार उरतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. उत्तर मुळात ‘नाही’ धरून चाला आणि ‘हो’ला कारणं मागा. पाच-सहा जणांच्या गटातून फिनिशला येत असाल तर कारणं सहज सापडतात, तिथे बिनधास्त उतरा. चाळीस जणांचा बंच एकगठ्ठा आला, निम्मा रस्ता वाहतुकीला उघडा असला आणि तुम्ही त्या बंचात पंधरावे असलात, तर कारण शोधूनही सापडत नाही.

आधी नियम वाचा, मग पाय मोजा

प्रवेशअर्जासोबत येणारी माहितीपत्रिका बहुतेक लोक टी-शर्टच्या साइजपुरती उघडतात. त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, निकाल कशावर लागतो. काही रेसमध्ये झेंडा पडल्यापासूनची वेळ धरतात, म्हणजे रेषा आधी ओलांडणारा पुढे. काही ठिकाणी स्वाराला दिलेल्या टायमिंग चिपची निव्वळ वेळ धरतात, म्हणजे तुमचं घड्याळ तुम्ही स्टार्टच्या मॅटवरून गेलात तेव्हा सुरू होतं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या शेजारी स्प्रिंट मारणारा कदाचित तुमच्या वीस सेकंद आधी सुटलेला असतो. त्याला चाकभर अंतराने हरवून काहीच हाती लागत नाही. तिथे शेवटच्या २०० मीटरपेक्षा आधीचे दहा किलोमीटर नेटाने मारणं जास्त कामाचं.

दुसरी, बक्षीस कितव्या क्रमांकापर्यंत आहे. पहिल्या तिघांनाच असेल, तर अकरावा आणि एकोणिसावा यांच्यात फरक फक्त निकालाच्या पीडीएफमधल्या ओळीचा. त्या ओळीसाठी कॉलरबोन पणाला लावायचं का, हे सोमवारी ऑफिसला जाणाऱ्या माणसाने स्वतःला आधीच विचारलेलं बरं.

तिसरी, तुमचा गट कोणता आणि त्याचे बिब (अंगावरचे नंबर) कोणत्या रंगाचे. रोड बाइक, हायब्रिड, एमटीबी (माउंटन बाइक), वयोगट असे अनेक गट थोड्या थोड्या अंतराने सोडले की शेवटी त्यांची सरमिसळ होते. फिनिशला तुमच्यासोबत येणाऱ्या बारा जणांपैकी तुमच्या गटातले तीनच असतील आणि ते तिघेही तुमच्या मागे असतील, तर तुम्ही जिंकलेलेच आहात. बाकीच्या नऊ जणांशी झुंजायचं काही कारणच नाही.

जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूरने जिल्ह्याला पाच दिवस व्यावसायिक रेस जवळून दाखवली. त्या स्प्रिंटची नक्कल करायचा मोह होतो, पण त्यांच्यासाठी रस्ता पूर्ण बंद असतो, फिनिशला दोन्ही बाजूंनी बॅरिकेड असतात आणि टीमचे गडी ठरल्याप्रमाणे एकेक करून बाजूला होतात. टप्प्यांच्या रेसमध्ये सपाट टप्प्यावर शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला, तर त्याला त्याच्या गटाचीच वेळ देण्याचा नियमही आहे. रविवारच्या एकदिवसीय रेसमध्ये यातलं काही नसतं. पडलात की पडलात.

तुमचा स्प्रिंट ताजा नको, दमलेला मोजा

"माझा स्प्रिंट चांगला आहे" असं म्हणणाऱ्याने तो बहुधा अर्ध्या तासाच्या राइडनंतर मोजलेला असतो. रेसमधला स्प्रिंट दोन तासांनंतर येतो. म्हणून चाचणी दोनदा घ्या, दोन वेगवेगळ्या रविवारी, एकाच रस्त्यावर. हिंजवडी फेज ३ किंवा तळेगाव एमआयडीसीमधले रुंद, सरळ रस्ते रविवारी सकाळी सहाला बऱ्यापैकी मोकळे मिळतात. तरी एका मित्राला पुढच्या चौकात उभं करा.

पहिल्या रविवारी अर्धा तास वॉर्म-अप करून तीन स्प्रिंट मारा. प्रत्येक वेळी ताशी ३५ किलोमीटरवरून सुरुवात, १५ सेकंद पूर्ण जोर आणि मधे आठ-दहा मिनिटं आरामात पेडल. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर १५ सेकंदांची सरासरी लिहून ठेवा. नसेल तर गाठलेला वेग लिहा, पण रस्त्याच्या दोन्ही दिशांना मोजा, कारण वारा फसवतो. दुसऱ्या रविवारी आधी ५०-६० किलोमीटर चालवा, त्यात कात्रज किंवा बोपदेव घाटासारखा एखादा चढ जोरात काढा आणि मग तेच तीन स्प्रिंट त्याच जागी मारा.

ढोबळ नियम असा. दमल्यावरची पॉवर ताज्याच्या ८५ टक्क्यांच्या वर राहिली, तर स्प्रिंट हे तुमचं हत्यार आहे. ७५ टक्क्यांखाली घसरली, तर बंच स्प्रिंटचा विचारच सोडा आणि रेस चढावर किंवा लांबून मोडायला शिका. अधल्यामधल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा.

आकड्यांइतकीच महत्त्वाची दुसरी चाचणी म्हणजे धक्का सोसण्याची. एखाद्या मैदानावर, गवतात, ताशी दहाच्या वेगाने मित्राच्या खांद्याला खांदा लावून चालवून बघा. कोपर कोपराला लागलं की हँडल आक्रसतं का? नजर लगेच चाकाकडे खाली जाते का? जात असेल, तर ताशी ५० ला ती नक्की जाईल. ही सवय लागेपर्यंत गर्दीच्या स्प्रिंटला नकारच द्यायचा, पाय कितीही तगडे असोत.

पंधराव्या नंबरवरून काय होतं

ओळीत चाललेल्या बंचात एका सायकलची लांबी साधारण १.७ मीटर आणि पुढच्या चाकापासूनचं अंतर अर्धा मीटर धरा. म्हणजे माणशी २.२ मीटर. पंधराव्या स्वाराच्या पुढे चौदा जण, म्हणजे पहिल्यापासून तो सुमारे ३१ मीटर मागे.

आता फिनिश २०० मीटरवर आहे आणि पुढचे ताशी ५५ ने निघाले. त्यांना १३ सेकंद लागतील. तुम्ही त्यांच्यापेक्षा ताशी ४ किलोमीटर जास्त वेगाने, म्हणजे ५९ ने गेलात (हा फरक हौशी रेसमध्ये बराच मोठा आहे), तर १३ सेकंदांत साडेचौदा मीटर भरून निघतील. सहा-सात जण मागे पडतील आणि तुम्ही आठवे-नववे याल. तेही वाट सरळ मोकळी मिळाली तर. दोन-दोनच्या रांगेत चाललेल्या बंचात मीटर निम्मे होतात, पण मग मधे माणसांची भिंत असते आणि वळसा घालून जावं लागतं.

म्हणून २०० मीटरवर पहिल्या पाचात नसाल तर पोडियमचा विषय संपलेला असतो. पायांत कितीही दम असला तरी हे गणित बदलत नाही. उलट मागून घुसणाऱ्याला वाट काढायला डावं-उजवं करावं लागतं, आणि बंच पडतो तो बहुतेक वेळा याच डाव्या-उजव्यामुळे.

फिनिशची रेकी

आदल्या दिवशी जमलं तर आदल्या दिवशी, नाहीतर स्टार्टच्या पाऊण तास आधी शेवटचे तीन किलोमीटर सायकलने बघा. कारमधून बघून उपयोग नाही. गाडीला न जाणवणारा दोन टक्क्यांचा चढ स्प्रिंटमध्ये पाय जाळतो.

कमान फुगवलेली नसली तरी रेषा कुठे असेल हे संयोजकांना विचारा आणि तिथून उलटं मोजत या. सायकलच्या कॉम्प्युटरवर ५००, ३०० आणि २०० मीटर मोजून प्रत्येक ठिकाणची न हलणारी खूण पक्की करा. एखादा ट्रान्सफॉर्मर, पिवळ्या भिंतीचं गोडाऊन, वडाचं झाड. पार्क केलेला टेम्पो खूण म्हणून धरू नका, सकाळी तो दूध घेऊन निघून गेलेला असतो. रस्त्याच्या दिव्यांचे खांब सारख्या अंतरावर असतील तर ते मोजणं सर्वांत सोपं. दोन खांबांमधलं अंतर एकदा मोजा आणि ‘शेवटून सातवा खांब’ असं लक्षात ठेवा. दमलेल्या डोक्याला मीटर कळत नाहीत, खांब कळतात. संयोजकांच्या पाट्यांवर मात्र फार विसंबू नका. ‘५०० मीटर’ची पाटी बांधायला खांब जिथे मिळाला तिथे ती लागलेली असते.

मग रस्ता बघा. शेवटच्या पाचशे मीटरमध्ये गतिरोधक किंवा रंबलर पट्टे आहेत का, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न. रंबलरवर ताशी ४५ ला सैल पिंजऱ्यातून पाण्याची बाटली उडते आणि मागच्याच्या चाकाखाली जाते. गतिरोधक ३०० मीटरच्या आत असेल, तर आमच्या मते त्या फिनिशला मोठ्या बंचात स्प्रिंट मारूच नये. कोणी उडी मारतो, कोणी ब्रेक लावतो, आणि दोघे एकाच ओळीत असतात. याशिवाय कडेची वाळू, ड्रेनेजची खोल गेलेली झाकणं, केबलसाठी खणून बुजवलेले आडवे चर आणि दुभाजकाला जिथे तोंड आहे ती जागा बघून ठेवा. मार्शल कितीही ओरडला तरी त्या तोंडातून एखादी दुचाकी आत येते.

ऋतूही बघा. पावसाळ्यात मुळशी-मावळात भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरलेला असतो. ऊसतोडीच्या हंगामात दौंड-बारामतीकडे ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या रस्त्यावर लोळत असतात, आणि चाकाखाली आलेली कांडी बेअरिंगसारखी फिरते. ओल्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि खुद्द फिनिशची रंगवलेली किंवा चिकटवलेली रेषा साबणासारखी असते. तिच्यावरून जाताना सायकल सरळच हवी, झुकलेली नको.

शेवटचं वळण रेषेपासून किती लांब आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. ४०० मीटरपेक्षा लांब असेल तर वळणानंतर चुका दुरुस्त करायला वेळ मिळतो. २०० मीटरच्या आत असेल तर खरी फिनिश ते वळणच, कारण वळणातून पहिले तीन जण बाहेर पडतात त्यांच्यातच निकाल लागतो. शंकूभोवती यू-टर्न असेल तर हे दुप्पट खरं. बंच तिथे जवळजवळ थांबतो आणि मागच्यांना शून्यातून वेग घ्यावा लागतो.

वारा रेषेजवळ उभं राहून बघा, झेंडा किंवा कमानीची कापडं कुठे फडफडतात ते. समोरून वारा असेल तर उशिरा, १५० मीटरवर सुटायचं, कारण आधी निघणारा सगळ्यांसाठी वारा कापत बसतो. मागून असेल तर २५०-३०० मीटरवरूनही टिकता येतं. बाजूने असेल तर पुढच्याच्या आडोशाला असलेल्या बाजूने निघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेकडचा असतो, त्यामुळे लवासा-मुळशीकडून शहराकडे येणाऱ्या फिनिशला तो पाठीत मिळण्याची शक्यता जास्त.

आणि रेषेच्या पुढेही जाऊन या. ताशी ५० वरून कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावले तरी सायकल थांबायला वीसेक मीटर लागतात, त्याआधी भान यायला एक सेकंद म्हणजे आणखी १४ मीटर. शेजारी-मागे माणसं असताना इतक्या जोरात ब्रेक लावताच येत नाहीत. त्यामुळे रेषेनंतर १०० मीटर मोकळा रस्ता हवा. पन्नास मीटरवर मेडल वाटपाचं टेबल आणि फोटो काढणारे नातेवाईक असतील, तर तो एकटा मुद्दा नकाराला पुरेसा आहे.

सायकलमध्ये काय दगा देतं

साध्या राइडमध्ये गप्प बसलेल्या खोडी स्प्रिंटमध्ये बाहेर येतात, कारण तेव्हा तुम्ही हँडल सर्व ताकदीने ओढत असता आणि अख्खं वजन एका पेडलवर असतं.

सर्वांत वाईट म्हणजे चेन सटकणं. ११, १२ आणि १३ दातांची छोटी चकरी एरवी कमी वापरात असते, म्हणून जुन्या कॅसेटवर (मागच्या चकऱ्यांच्या संचावर) नवी चेन टाकली तरी झिजलेल्या मधल्या चकऱ्यांवरच ती सटकते असं लोकांना वाटतं. पण मागच्या डिरेलरचं (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं) इंडेक्सिंग, म्हणजे चकरीशी जुळवणी, जरा बिघडलं असेल तर छोट्या चकऱ्यांवरही जोर पडताच चेन उडी मारते. पाय मोकळा खाली जातो आणि स्वार हँडलवर. तपासायची रीत सोपी आहे. रिकाम्या रस्त्यावर ज्या गिअरमध्ये स्प्रिंट मारणार, त्याच गिअरमध्ये बसूनच पाच जोरदार पेडल मारा. एकदाही ‘टक्’ झालं, तर दुकानात जाऊन दुरुस्ती होईपर्यंत स्प्रिंट नाही.

हँडल स्टेममध्ये (हँडल धरून ठेवणाऱ्या जोडात) फिरतं का, हे ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, वजन टाकून बघा. स्टेमचे बोल्ट स्टेमवर लिहिलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळा, बऱ्याच स्टेमवर तो आकडा ५ असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली की हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खडखड येत नाही ना, हेही बघा. बूट पेडलला अडकवणारी क्लीट झिजली असेल तर जोराच्या वेळी बूट निघतो, आणि क्लीट आदल्या दिवशी कधीच बदलू नये.

टायरमध्ये हवा ठोकून भरणं ही जुनी खोड आहे. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय आपल्या रस्त्यांना पुरतात, पावसात पाच-सात कमी. हुकलेस रिम (टायर पकडणारी आतली कड नसलेली) असेल तर ७३ च्या वर जायचंच नाही.

पाच किलोमीटर ते एक किलोमीटर

शेवटचं एनर्जी जेल फिनिशच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी संपलेलं असावं. पाच किलोमीटर उरले की हात ड्रॉप्सवर, दोन बोटं ब्रेकवर आणि एक घोट पाणी. पोटरीत गोळा येतोय असं इथे जाणवलं, तर इथेच नकार ठरला. स्प्रिंटमध्ये पाय आखडला की सायकल वाकडी होते.

आता आजूबाजूची माणसं ओळखून घ्या. कोपरं ताठ केलेला, मागे बघताना अख्खा खांदा वळवून सायकल फूटभर हलवणारा, चढावर उभं राहताना चाक मागे फेकणारा, मान खाली घालून पेडल मारणारा. अशांच्या मागचं चाक कितीही वेगवान असलं तरी सोडून द्या. ज्याचं मागचं चाक रुळावर असल्यासारखं सरळ जातं, तो शोधा. तो तुमच्यापेक्षा थोडा वेगवान असेल तर उत्तम. स्प्रिंटचा अर्धा भाग म्हणजे कुणाच्या मागे बसायचं हे आधी ठरवणं.

वर सरकायचं असेल तर तीन किलोमीटर ते दीड किलोमीटर या पट्ट्यात, बंच थोडा मंदावला की कडेने. बंच ताशी ४५ ने चाललेला असताना कडेने वर जायला ४८ लागतात, आणि तेही उघड्या वाऱ्यात. एकदा जमतं, दोनदा जमत नाही. एक किलोमीटरवर पहिल्या दहात, पाचशेवर पहिल्या सहात, असं पायऱ्या-पायऱ्यांनी जायचं.

एक किलोमीटरची खूण आली की मनात चार प्रश्न विचारा. ताशी ४५ ला इथून ८० सेकंद उरलेत, तेवढ्यात याहून जास्त विचार होतच नाही.

१. मी पहिल्या दहात आहे का?
२. माझ्या पुढचं चाक भरवशाचं आहे का?
३. एका बाजूला तरी मला बाहेर पडायला वाट आहे का?
४. गेल्या दोन मिनिटांत मला एकदा तरी नीट श्वास घेता आला का?

चारही ‘हो’ असतील तर उतरा. एकही ‘नाही’ आला, तर उतरू नका. ‘बघू, पुढे जमेल’ हे उत्तर ‘नाही’तच धरायचं.

शेवटचे तीनशे मीटर

तिसरं किंवा चौथं चाक ही सर्वांत चांगली जागा. पहिला वारा खातो, दुसरा फार लवकर उघडा पडतो. मागून धडक येईल म्हणून कडेला चिकटून बसू नका. कडेची वाट एकाच बाजूने बंद असते असं वाटतं, पण पुढचा थोडा सरकला की ती दोन्ही बाजूंनी बंद होते.

गिअर आधी टाकून ठेवा. ७०० बाय २५ च्या चाकावर ५० बाय १५ मध्ये (पुढे ५० दात, मागे १५) मिनिटाला १०० फेऱ्या म्हणजे ताशी ४२. ५० बाय १३ मध्ये ११० फेऱ्यांना ५३ आणि ५० बाय १२ मध्ये ११० ला ५८. बंच ४५ ने चालला असेल तर सुटताना १४ च्या चकरीवर असावं आणि वेग चढला की एकेक खाली टाकावी. सुरुवातीलाच ११ वर टाकणारा पहिले पाच सेकंद नुसता पेडलशी कुस्ती खेळतो आणि तेवढ्यात तिघे निघून जातात.

सुटताना आधी काखेखालून एक ओझरती नजर मागे. मग पुढच्याच्या चाकापासून अर्धी सायकल अंतर सोडा आणि त्या अंतरात वेग घेऊन बाहेर पडा. चाकाला चिकटलेलं असताना आडवं बाहेर पडलात तर तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्याला घासतं. अशा वेळी पुढच्याला फक्त धक्का जाणवतो, मागचा मात्र खाली पडतो, कारण वळवायचं चाक मागच्याचंच अडकलेलं असतं.

सुटलात की जी ओळ धरली ती रेषेपर्यंत सोडायची नाही. यूसीआयचा (सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा) नियम हेच सांगतो: निवडलेली ओळ सोडून दुसऱ्याला धोका निर्माण करणारा स्वार दोषी. हौशी रेसमध्ये दंड क्वचित होतो, पण पडणारा माणूस तुमच्या ओळखीचाच असतो. ओळ सरळ राहण्यासाठी नजर चाकावर नको, कमानीच्या एका पायाच्या आतल्या बाजूला हवी.

रेषेवर निकाल पुढच्या टायरच्या कडेवर लागतो, डोक्यावर किंवा छातीवर नाही. शेवटच्या पेडलसोबत दोन्ही हात पुढे सरळ करा आणि कंबर सीटच्या मागे ढकला. जेमतेम एक वीतभर मिळते, पण वीतभराने निकाल लागलेल्या फिनिश पुष्कळ असतात. जिंकलात तरी हात सोडून उंच करू नका. मागचा अजून पूर्ण जोरात येत असतो.

नकार द्यायचा तर तो नीट द्या

स्प्रिंट न मारणं हे स्प्रिंट मारण्याइतकंच कौशल्याचं काम आहे, आणि हे कोणी शिकवत नाही. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘मी मारत नाहीये’ असं ठरवून मधेच पेडल थांबवणाऱ्यांमुळे. तीनशे मीटरवर बंचाच्या मधोमध कोणी उठून बसला, की मागून मान खाली घालून येणाऱ्याला तो भिंतीसारखा.

नकार एक किलोमीटरच्या खुणेपर्यंत ठरला असेल तर सोपं आहे. एका बाजूला आहात तिकडेच राहा, पेडल मारत राहा, पण जोर थोडा कमी करा. माणसं आपोआप पुढे जातात. शेवटच्याच्या मागे तीन-चार सायकलींचं अंतर सोडा. पुढे पडापड झाली तर तेवढ्यात बाजूला होता येतं. बंच फुटला तर गटाच्या वेळेचा थोडा तोटा होईल, तो सोसा.

तीनशे मीटरच्या आत नकार सुचला, तर एकच उपाय: मारत राहा. जोर अर्धा, ओळ सरळ, हात ड्रॉप्सवरच. दीडशे मीटरवर दम संपला तरी हेच. बाजूला होणं, मागे वळून बघणं, हात हलवणं यातलं काही नाही. तुम्हाला ओलांडायचं काम मागच्यांचं. तुमचं काम एवढंच, की तुम्ही कुठे असाल याचा त्यांचा अंदाज चुकू नये.

तिसरा मार्ग म्हणजे मित्रासाठी लीड-आउट. पाचशे मीटरवर पुढे येऊन २५०-२०० पर्यंत खेचा, आणि मग ज्या बाजूला रिकामं आहे तिकडेच हळूहळू सरका. कोणत्या बाजूला सरकणार हे मित्राशी सकाळीच ठरलेलं असावं. नाहीतर तो तुमच्याच अंगावर येतो.

आणि चौथा, स्प्रिंटवाल्यांना न आवडणारा: आधीच पळणं. दीड किलोमीटर उरलेत, तुम्ही ताशी ४२ धरू शकता आणि मागचा बंच ४५ ने येणार. तुम्हाला १२९ सेकंद लागतील, त्यांना १२०. म्हणजे दीड किलोमीटरच्या खुणेवर तुमच्याकडे नऊ सेकंद, साधारण ११० मीटर, हवेत. एवढं अंतर सरळ रस्त्यावर मिळत नाही. ते मिळतं शेवटच्या छोट्या चढाच्या माथ्यावर, जेव्हा पुढचे एकमेकांकडे बघत असतात. तिथे मागून, वेगात, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघा. पहिले दहा सेकंद स्प्रिंटसारखे आणि मग धरून ठेवा. घाटाने बंच आधीच फोडलेल्या रेसमध्ये हा डाव चालतो. सपाट सर्किटवर फारसा नाही.

रेषेनंतर

सरळ जात राहा, मॅटवर थांबू नका, बोटं ब्रेकवर ठेवून शंभर मीटरने वेग आपोआप कमी होऊ द्या. कोणी पडलं असेल तर आधी येणाऱ्यांना हात करून रस्ता मोकळा करा, मगच पडलेल्याकडे जा. रेसची रुग्णवाहिका दिसत नसेल तर १०८ लावा. डोकं आपटलेल्या माणसाला, तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी, सायकलवर घरी पाठवू नका. आपटलेलं हेल्मेट बाहेरून अख्खं दिसलं तरी ते आता बादच.

घरी गेल्यावर, अंघोळीच्या आधी, चारच गोष्टी लिहून ठेवा: एक किलोमीटरवर कितवा होतो, २०० वर कितवा होतो, कोणत्या गिअरमध्ये सुटलो आणि कितवा आलो. चार-पाच रेसची अशी नोंद झाली, की तुमचे नंबर २०० मीटरनंतर जातात की एक किलोमीटरच्याही आधी, हे कागदावर दिसतं. २०० नंतर जात असतील तर स्प्रिंटचा सराव. त्याआधी जात असतील तर वर सरकण्याचा, आणि तो सराव मंगळवार-गुरुवारच्या ग्रुप राइडमध्ये कुणालाही धक्का न देता करता येतो.